गौतम शिंगे, मोल्डर

३ नोव्हें., सोमवार

सकाळी नवाला फोन वाजला. मी पिठलं-भाकरी खात होतो म्हणून कमलनं घेतला. बराच वेळ ऐकत राहिली, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, कोणतरी उद्यमनगरातनं बोलतोय. गौतम शिंगे तिथं गेटाला धरून उभं हायत म्हणतोय, तासभर हललं न्हाईत. मग हितं पिठलं खातोय ह्यो कोण?"

आधी हसू आलं. मग घास तोंडातच फिरायला लागला. तो कोण असणार ते कळलं.

रिक्षा करून गेलो. आमची फौंड्री बंद पडून किती वर्षं झाली, आत आता पत्र्याचं गोडाऊन आहे. गेट तेवढं तेच. त्या गजाला धरून तो उभा. इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, एका पायात चप्पल. शेजारच्या लेथवाल्यानं नाव विचारलं तर म्हणाला, "गौतम शिंगे. मोल्डर." लेथवाला नवा, त्यानं माझं तोंड कधी बघितलेलं नाही, पण त्याच्या बापानं माझा नंबर याच नावानं फोनात घालून ठेवला होता. त्यानं लावला.

मोल्डर मी. तो रिटायर्ड उपजिल्हाधिकारी. नाव, आडनाव, आळी, वय, सगळं एक. धंदा तेवढा वेगळा.

मला बघून तोंड उजळलं त्याचं. "गोत्या, यादी लागली का रं?"

"कसली यादी?"

"आण्णा मिस्त्रीची. माझं नाव लागलंय का बघून ये की जरा."

याच फौंड्रीत माणसं घ्यायचे ते आण्णा मिस्त्री जाऊन तीस वर्षं झाली असतील. त्याला रिक्षात घालून ताराबाई पार्कात बंगल्यावर सोडलं. त्याच्या पोरीनं दारातच हात जोडले. मला तिच्याकडं बघवलं नाही.

४ नोव्हें.

ही डायरी गेल्या वर्षीची. मोतीबिंदूमुळं ऑक्टोबरपासून पुढं कोरी राहिलती. वार चुकतात, ते खोडून लिहितो. यंदाची डायरी आलीच नाही.

साहेब झाल्यापासून दर जानेवारीला तो मला एक सरकारी डायरी द्यायचा. पहिली दिली तेव्हा मी म्हटलं, मी सातवी नापास, मी काय लिहू ह्यात? म्हणाला, "आज काय खाल्लंस ते लिही." तिथनं सुरुवात. पहिलं वर्ष नुसतं भाकरी-आमटी, भाकरी-आमटी. मग हळूहळू बाकीचं यायला लागलं. शुद्धलेखन पेपर वाचून वाचून शिकलो.

यंदा जानेवारीत तो विसरला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

नावाचं असं. आमच्या आळीतले दादू मास्तर नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, आता दगडू, धोंडू, कचरू बंद. पुढच्या वर्षी आळीत तीन पोरं झाली, तिघांची नावं त्यांनीच ठेवली. तीन गौतम. एक लहानपणीच गेला. उरलो दोघं. तो उंच गौतम, मी बुटका गौतम. शाळेत हजेरीला दोघंही "हजर" म्हणायचो, गुरुजी म्हणायचे, एकानंच ओरडा, दोघं आलेत हे मला दिसतंय.

एकमेकांना आम्ही गोत्याच म्हणायचो. तो मलाही गोत्या, मी त्यालाही गोत्या.

७ नोव्हें.

सुजातानं बोलावलं होतं. त्याची मुलगी. पुण्यात कॉलेजात शिकवते, रजा काढून आली आहे. आई तीन वर्षांमागं गेली, आता घरात तो आणि एक कामाची बाई.

"काका, डॉक्टर म्हणतात नवं आधी पुसतं, जुनं शेवटी. मला कधीकधी 'बाई' म्हणतात. तुम्हाला मात्र ओळखतात."

ओळखतो खरा. माझ्याबरोबर बसून दीड भाकरी खाल्ली. एरवी दोन चमच्यांवर ताट सारतो म्हणे. सुजाता म्हणाली, "रोज याल का काका? तुमच्याबरोबर जेवतात." हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?

हॉलमध्ये मानपत्रं, मोठ्या लोकांबरोबरचे फोटो, आणि मधोमध शेवंताचा फोटो, हार घातलेला. त्याची धाकटी बहीण. मी त्या फोटोकडं पाठ करून बसतो. पहिल्यापासून तसाच बसतो. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

८ नोव्हें.

आज लिहितोच. एवढ्या डायऱ्या भरल्या, त्याच्याच दिलेल्या, आणि एकीतही हे लिहिलं नाही.

अठरा वर्षांचे होतो. फौंड्रीत मोल्डिंगला एक जागा होती. आण्णा मिस्त्रीनं आम्हा दोघांनाही आठ दिवस बघायला घेतलं. वाळू मुठीत दाबायची, मग दोन बोटांत धरून मोडायची. कड स्वच्छ तुटली तर वाळूत पाणी बरोबर. भुसकन सांडली तर कमी, बोटाला चिकटली तर जास्त. साच्याचं सगळं त्या मुठीवर. आठ दिवस आम्ही घरी येतायेतासुद्धा रस्त्यावरची माती मुठीत घेऊन मोडत यायचो.

आठव्या दिवशी त्याचे वडील जास्त आजारी म्हणून तो लवकर गेला. मी नळावर हात धूत होतो. आण्णा आले, म्हणाले, "त्या उंच गौतमला सांग, उद्यापासनं ये म्हणावं. हात चांगला हाय त्येचा. तुझं बघू पुढच्या साली."

मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच गेलो. आण्णांनी विचारलं, "तू? दुसरा कुठं हाय?" मी म्हटलं, "त्यो न्हाई येत. शिकणार हाय म्हणाला." आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग तंबाखू थुंकून म्हणाले, "बरं. शिकू दे. चल आत." रजिस्टरात नाव आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. गौतम शिंगे. खाडाखोडसुद्धा करावी लागली नाही.

सुटी झाल्यावर बाहेर आलो तर तो गेटाला उभा. म्हणाला, "तुझं लागलं व्हय? बरं झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला, हातात वडिलांचे बूट. ते पलटणीतून आलेले, त्यांचे जाड तळाचे बूट. "घाल. अनवाणी लोखंडाजवळ जाऊ नको. माझ्या काय कामाचं?"

ते बूट मी नऊ वर्षं घातले.

पुढं तीन-चार दिवस तो सकाळी गेटाला येऊन उभा राहायचा. म्हणायचा, कोण गळाला तर माझं नाव लागंल. मग यायचा थांबला.

हात दुखतो. बाकीचं उद्या.

९ नोव्हें., रविवार

बाकीचं.

त्याचे वडील त्याच सालात गेले. घरात मिळवणारं कोणी नाही, म्हणून शेवंताची शाळा सहावीत सुटली. मावशीबरोबर निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत गेली. तिच्या पगारावर तो राधानगरीला मामाकडं राहून शिकला. साहेब झाला तेव्हा तिला आणायला गेला, पण छाती गेलती तिची. सत्तावीस-अठ्ठावीसचीच होती. शेवटी शेवटी खोकता खोकता हसायची, म्हणायची, दादा, मला आता तपकीर फुकट.

शिकणार हाय म्हणाला, असं मी खोटं बोललो. माझं ते खोटं त्यानं खरं करून दाखवलं. कसं, ते शेवंताला विचारावं.

लोक म्हणतात गौतमचं सोनं झालं. मीही तेच म्हणून घेत आलो. नोकरी लागली असती तर वाळूच मळत बसला असता, असं मनाला सांगायचो. रिटायर झाला तेव्हा सत्कार होता. स्टेजवर म्हणाला, "एका फौंड्रीनं मला नाकारलं, म्हणून मी इथं उभा आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

नाकारलं नव्हतं. एवढंच त्याला कुणी सांगितलं नाही. तो शब्द त्यानं पन्नास वर्षं बाळगला, आणि आता सगळं पुसून गेलं तरी तेवढा शिल्लक आहे.

१० नोव्हें.

शिरोलीच्या एका ओळखीच्या फौंड्रीतून पिशवीभर काळी वाळू आणली. सुजाता म्हणाली, "काका, हे कशाला? घरभर होईल." म्हटलं, पेपर अंथरतो.

घमेल्यात ओतली, पाणी शिंपडून मळली. तो बघत होता. मग न सांगता पुढं झाला, मूठ भरली, दाबली, दोन बोटांत धरून मोडली. कडेकडं बघून म्हणाला, "कमी हाय पाणी. जरा मार."

मी माझी मूठ करून बघितली. मला बरोबर वाटली होती. पाण्याचा एक हबका मारला, परत मळली, परत मोडली. कड काचेसारखी तुटली.

चौतीस वर्षं मी ते काम केलं. त्यानं आठ दिवस. आण्णांचं बरोबर होतं.

सुजाता दारात उभी राहून हसत होती. "बाबांना हे कधी येत होतं?"

१५ नोव्हें., शनिवार

सुजातानं ठरवलं आहे. पुण्याला तिच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक जागा आहे, तिथं ठेवणार. १३ डिसेंबरला नेणार. "मला जमत नाहीये काका. रजा संपत आली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, मी कोण वाईट वाटून घेणारा.

चहा देताना विचारलं, "बाबा सारखं म्हणतात, माझं नाव लागलंय का बघून ये. कसलं नाव काका?"

तिचे डोळे शेवंताचे आहेत. आधी कधी इतकं जाणवलं नव्हतं.

म्हटलं, "इलेक्शनची यादी असंल. तहसीलदार होता तवाची."

आणखी एक खोटं. सरावाचा माणूस.

१८ नोव्हें.

कमलला सांगितलं. दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. सगळं सांगितलं, नळापासून बुटापर्यंत. ती फोडायची थांबली नाही. शेवटी सूप बाजूला केलं.

"माझ्या बाबानं दोन गौतम बघितलं हुतं," म्हणाली. "एक राधानगरीला मामाकडं पडलेला, एक फौंड्रीत परमंट. फौंड्रीतला पसंत केला."

मी टरफलं गोळा करायला लागलो.

"म्हंजे मी कुणाच्या नोकरीशी लगीन केलं, त्ये आज कळालं."

उठून आत गेली.

१९ नोव्हें.

कमल बोलत नाही. ताट वाढते, समोर बसत नाही.

२० नोव्हें.

तसंच. आमटीत मीठ नव्हतं. मागितलं नाही.

२२ नोव्हें.

सकाळी चहा ठेवता ठेवता, पाठमोरी, म्हणाली, "त्या पोरीला सांगा."

"त्यालाच सांगावं म्हणतो. त्येचं त्याला."

"त्येस्नी काय कळणार हाय आता? तुमाला हलकं वाटावं म्हणून सांगायचं त्येस्नी. सांगायचं तर तिला सांगा, जिला कळंल. शेवंताची भाची हाय ती."

ती वळून म्हणाली, "आनि तुमी लई वाईट हायसा असं न्हाई म्हणत मी. अठरा वर्साचं पोरगं हुतासा. पर अठराचं कवाच सरलं की."

साखर दोन चमचे घातली. म्हणजे बोलणं सुरू झालं.

२५ नोव्हें., मंगळ.

कमलचं ऐकायला पाहिजे होतं.

आज गेलो तर तो खिडकीजवळ बसलेला. आत आलेला बघून उठून उभा राहिला, बंडी नीट केली. "आण्णा, या." मला मिस्त्री समजला. खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभाच राहिला, हात पुढं बांधून. आयुष्यभर लोक त्याच्यापुढं असे उभे राहिले असतील.

"आण्णा, माझं नाव लागलं का?"

सुजाता वर होती. बाई स्वयंपाकघरात. माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"लागलंय. उद्यापासनं ये. हात चांगला हाय तुझा."

निरोप दिला. पन्नास वर्षं उशिरा, पण शब्दाला शब्द तोच दिला.

माझ्याकडं बघत राहिला. "माझं? तुमी बघितलासा?"

"बघितलं."

खाली बसला आणि रडला. लहान पोर रडतं तसं नव्हे, कामावरून घरी आलेला बाप्या रडतो तसं, आवाज न करता. मग बाईला हाक मारली, "बाई, आईला सांग, नाव लागलं माझं." दोन भाकरी खाल्ल्या. मला हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई हलकं वाटलं. येताना शेवंताच्या फोटोकडंसुद्धा एकदा बघितलं.

निघताना म्हणाला, "आण्णा, एक अडचण हाय. बूट गोत्याला दिल्यात मी."

तोंड माझ्याकडं. डोळ्यांत मी नव्हतो.

"आणतो," म्हटलं.

२७ नोव्हें.

काल पहाटे साडेपाचला तो कामावर निघाला. बाई झोपलेली. दार उघडून अनवाणी खाली आला, बंगल्याच्या फाटकाची कडी काढताना पायरीवर घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आहे. तोच हात.

सुजाता फोनवर रडत होती. मी गेलो तर दारातच, "काका, त्यांच्या डोक्यात कामावर जायचं कुणी भरवलं? रात्रीपासून एकच, माझं नाव लागलंय, उशीर होईल. बाई म्हणते तुम्ही मंगळवारी काहीतरी सांगत होता."

"जरा मन राखायला बोललो."

"मन राखायला बोलू नका काका. तुम्ही बोलून घरी जाता. निस्तरायला मी असते."

खरं बोलली. आता तेराला नव्हे, सातलाच नेणार.

तो झोपलेला. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं बघितली. झोपेत हलत होती.

कमलला सांगितलं. काही म्हणाली नाही. "मी म्हटलं हुतं" हे सुद्धा नाही. ते म्हणाली असती तर बरं होतं.

२९ नोव्हें.

गेलो नाही.

३० नोव्हें.

गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. ते पण दुखत नव्हतं.

३ डिसें.

दुपारी कमल माळ्यावर चढली. ह्या वयात कशाला चढतीस म्हटलं तर ऐकलं नाही. कशाच्या तरी मागनं गोणपाटात बांधलेलं गाठोडं खाली टाकलं. "हेच का त्ये?"

बूट. मी कधी टाकले नव्हते आणि कुठं ठेवले ते मुद्दाम विसरलो होतो. कातडं वाळून लाकूड झालं आहे. डाव्याच्या चवड्याला भोक, तिथं वितळलेल्या लोखंडाचा थेंब पडला होता. पाय वाचला माझा, बूट गेला त्याचा. म्हणजे त्याच्या वडिलांचा.

कमलनं खोबरेल घेतलं आणि पुसत बसली. एक बूट तिनं, एक मी. तेल नुसतं पितात. संध्याकाळपर्यंत जरा मऊ आले.

"सातला जाताना त्येस्नी द्या," म्हणाली. "आनि देताना ती इचारंल, कुणाचं म्हणून. तवा सांगा. तुमचं तोंड आपसूक उघडत न्हाई, कुणीतरी इचारलं पायजे."

६ डिसें., शनिवार

पांढरा शर्ट, विहारात. गर्दी. सुजातानं त्याला गाडीतून आणलं होतं, गळ्यात अडकवलेला हात, खुर्चीवर बसवलं. मी दोन रांगा मागं.

वंदना सुरू झाली आणि तो म्हणायला लागला. एक अक्षर चुकला नाही. बायको गेलेली आठवत नाही, पोरगी आठवत नाही, वंदना सगळी पाठ. आजूबाजूचे वळून बघायला लागले, एक-दोघांनी डोळे पुसले.

पंचशील आलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते आलं की मी नुसते ओठ हलवतो, आवाज काढत नाही. पन्नास वर्षं असंच. आज कमल शेजारी होती, माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाली, "मला वाटायचं चौथं तुमाला पाठ न्हाई."

अंगणात सुजाता एकटी दिसली. गेलो. "सुजाता, एक सांगायचं हुतं." "बोला ना काका." तेवढ्यात मंडळाची माणसं आली, साहेबांबरोबर एक फोटो पायजे म्हणून. ती तिकडं गेली. फोटो झाला, मग दुसरे आले. थांबायला येत होतं मला. दहा मिनिटं थांबलो असतो तर ती परत आली असती.

नाही थांबलो.

७ डिसें., रविवार

सकाळी आठला बंगल्यावर. बूट कापडी पिशवीत. कमल आली नाही, म्हणाली, मी असले की तुमी माझ्याकडं बघत बसाल.

सामान गाडीत चढलं होतं. शेवंताचा फोटो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर. तो पुढं बसलेला, पट्टा लावून, काचेतून समोर बघत. मी काच खाली करायला लावली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. डाव्या हातानं त्यानं बूट बाहेर काढला. वास घेतला. भोकात बोट घातलं.

"लोखंड पडलं," म्हणाला.

"व्हय."

"पाय?"

"पाय बरा हाय."

"बरं झालं," म्हणाला. त्याच आवाजात. गेटाबाहेर म्हणाला होता त्याच.

ओळखलं का मला? कळलं नाही. त्या क्षणाला मी कोण होतो त्याला, आण्णा का गोत्या, का कोणीच नाही, कोण जाणे.

सुजाता पलीकडून आली. "हे काय काका? कुणाचे बूट?"

विचारलं तिनं. कमल म्हणाली होती तसंच झालं.

"तुझ्या आजोबांचं," म्हटलं. "पलटणीतलं."

"तुमच्याकडे कसे?"

माझं तोंड उघडं होतं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, सातारा सोडेपर्यंत ऊन वाढेल म्हणत होता. तो बूट मांडीवर घेऊन बसलेला.

"मोठं हाय त्ये," म्हटलं. "लिहून पाठवतो."

ती वाकून पाया पडली. मागं सरायला जागा नव्हती, भिंत होती. गाडी वळली. बाई फाटक लावून कुलूप घालायला लागली. घमेल्यातली वाळू बागेत ओतलेली दिसली, गुलाबाच्या आळ्यात.

चालत घरी आलो.

८ डिसें.

कमल : "सांगितलं?"

"लिहून पाठवतो म्हटलंय."

"मग लिवा."

११ डिसें.

कोरे कागद आणले. "चि. सुजातास" एवढं झालं.

१४ डिसें., रविवार

तिचा फोन आला. जागा चांगली आहे, बाग आहे, दुपारी गाणी लावतात. पहिले दोन दिवस त्रास दिला, आता शांत आहेत.

"नाव लागलं का विचारतात?" मी विचारलं.

"नाही काका. ते बंद झालं. पण ते बूट सोडत नाहीत. झोपतानाही जवळ लागतात. काल सिस्टरला म्हणाले, हे गोत्याचे आहेत, त्याला नेऊन दे. तो अनवाणी गेला तर भाजेल, नाही गेला तर त्याचा खाडा पडेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, गोत्या म्हणजे तुम्हीच ना?"

"दोघंही," म्हटलं.

"तुम्ही लिहून पाठवणार होता."

"लिहितोय."

"मी वाट बघते," म्हणाली. ठेवला.

१७ डिसें.

आज सकाळपासून बसलो. कमल आज दोन वेळा चहा ठेवून गेली, काही विचारलं नाही. दोन पानं झाली. नळ लिहिला. आण्णांचा निरोप लिहिला, शब्दाला शब्द. त्यो शिकणार हाय म्हणालो, ते लिहिलं. गेट, बूट. शेवंताचं लिहिताना थांबलो, मग तेही लिहिलं, तपकिरीचं सोडून. ते तिला कधी समोर सांगेन.

परत वाचलं. कुठं "लहान होतो", "गरिबी होती" असं आलं होतं, ते खोडलं.

शेवटी सही करायची राहिली. खाली लिहिलं, गौतम शिंगे. लिहून झाल्यावर बघितलं तर तिच्या बापाचंच पत्र आलंय असं दिसतं. ती पाकीट फोडेल, आधी खालचं नाव बघेल.

पुढं "मोल्डर" लिहू का, ते कळत नाही. ते पद त्याचं.

कागद डायरीत ठेवला आहे. पोस्ट पाचपर्यंत उघडं असतं. आता सव्वाचार झालेत.